राखीव बाक ते मैदान: अमेरिकी सॉकरमध्ये तरुणांच्या वाट्याला आलेली मिनिटे

सॉकरच्या एका सामन्यात प्रत्येक संघाच्या हाती खेळण्याची एकूण ९९० मिनिटे असतात: खेळाडू अकरा, प्रत्येकी नव्वद. अमेरिका आणि कॅनडातल्या मेजर लीग सॉकर या व्यावसायिक स्पर्धेत मोसमाला ३४ साखळी सामने होतात, म्हणजे संघामागे ३३,६६० मिनिटे. हा साठा वाढत नाही. संघाच्या यादीत मात्र तीस नावे असू शकतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला यातली किती मिनिटे मिळतील, हा प्रश्न आईवडील, एजंट, क्लबचे व्यवस्थापक आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असे सगळेच विचारत आले आहेत. उत्तरे वारंवार चुकली, कारण उत्तर शोधणारे मुलाच्या पायांकडे पाहत राहिले. मिनिटे बव्हंशी दुसरीकडेच ठरत होती: परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत, पगाराच्या हिशेबात, राखीव संघ असण्या-नसण्यात, आणि त्या मुलाच्या जागेवर आधीपासून कोण खेळतो आहे यात.

पहिला मोठा धडा नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने दिला. ही लीग १९६८ ते १९८४ अशी चालली. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये आला, पाठोपाठ किनालिया आणि बेकेनबाउअर आले. प्रेक्षक जमले, पण मैदानावर अमेरिकी चेहरे दिसेनात. म्हणून लीगने नियम केला की प्रत्येक संघाने ठरावीक संख्येने उत्तर अमेरिकी खेळाडू सतत मैदानावर ठेवलेच पाहिजेत. ही संख्या पुढे वाढवण्यातही आली. क्लबांनी नियम पाळला, पण आपल्या पद्धतीने. नागरिकत्व घेतलेले परदेशी खेळाडू त्यात मोजले गेले, आणि उरलेल्या जागा जिथे कमीत कमी धोका वाटे तिथे भरल्या गेल्या. १९७७ च्या विजेत्या कॉसमॉसचा गोलरक्षक शेप मेसिंग अमेरिकी होता, बचावफळीत बॉबी स्मिथ होता, कर्णधार वर्नर रॉथ युगोस्लाव्हियात जन्मून न्यूयॉर्कमध्ये वाढलेला होता. गोल करण्याचे आणि खेळ रचण्याचे काम परदेशी ताऱ्यांकडेच राहिले. डॅलस टॉर्नेडोच्या काइल रोट ज्युनियरने १९७३ मध्ये पहिल्याच मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले होते, पण तो अपवादच. त्या काळी अमेरिकी तरुणाला किती खेळायला मिळेल हे सांगायचे तर आधी तो कुठल्या जागेवर खेळतो हे विचारावे लागे. गोलरक्षकाला आणि बचावपटूला आशा होती, आघाडीवीराला जवळजवळ नव्हती.

लीग बुडाल्यावर बारा वर्षे देशात पहिल्या दर्जाची मैदानी स्पर्धाच नव्हती. १९९४ चा विश्वचषक भरवताना अमेरिकेने अशी लीग उभी करण्याचे फिफाला कबूल केले होते, त्यातून १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली. संघ दहा, म्हणजे सुरुवातीच्या अकरांत एका वेळी ११० जागा. परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती, खर्चावर कडक लगाम होता आणि खेळाडूंचे करार क्लबांशी न होता थेट लीगशी होत. यामुळे अमेरिकी खेळाडूंना भरपूर मिनिटे मिळाली. पण हे अमेरिकी म्हणजे बहुतेक महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेले बावीस-तेवीस वर्षांचे लोक होते. विद्यापीठांचा मोसम शरद ऋतूतल्या साधारण तीन महिन्यांत आटोपतो, आणि तिथे बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकतो. युरोपात ज्या वयात मुलगा प्रौढांबरोबर चाळीस-चाळीस सामने खेळत असे, त्या वयात अमेरिकी मुलगा वर्षाचे आठ-नऊ महिने खऱ्या स्पर्धेवाचून काढी.

ही पोकळी भरण्यासाठी लीग आणि अमेरिकी सॉकर महासंघ यांनी १९९७ मध्ये प्रोजेक्ट-४० सुरू केला. निवडक मुलांनी महाविद्यालय लवकर सोडून लीगशी करार करायचा, पुढच्या शिक्षणाचा खर्च बाजूला ठेवला जाई, आणि त्यांच्या पगाराचा भार क्लबच्या पगारमर्यादेवर पडत नसे. या शेवटच्या तरतुदीचा परिणाम दुहेरी झाला. क्लबला असा मुलगा घ्यायला काहीच तोशीस नव्हती, त्यामुळे त्याला घेतले जाई. आणि तोशीस नसल्यामुळेच त्याला खेळवण्याची घाईही नसे. लीगच्या धुरीणांना हे कळत होते. म्हणून १९९८ ते २००० या काळात प्रो-४० नावाचा एक स्वतंत्र संघच दुसऱ्या दर्जाच्या ए-लीगमध्ये उतरवला गेला. आपापल्या क्लबच्या राखीव बाकावर बसलेली मुले त्यात येऊन खेळत. मुख्य संघात मिळत नसलेली मिनिटे दुसऱ्या दारातून पुरवण्याचा हा प्रयोग पुढे वेगवेगळ्या नावांनी पुन:पुन्हा होणार होता.

१९९९ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रॅडेन्टन येथे सतरा वर्षांखालील राष्ट्रीय संघासाठी निवासी केंद्र उघडले. पहिल्या तुकडीतच लँडन डोनोव्हन, डामार्कस बीझली, ओगुची ओन्येवू आणि बॉबी कॉन्व्हे होते. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या विश्वस्पर्धेत संघ चौथा आला. डोनोव्हन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि बीझली दुसरा. त्यानंतर दोघांच्या वाटा फुटल्या. डोनोव्हन जर्मनीत बायर लेव्हरकुसेनला गेला आणि तिथे दुसऱ्या संघात अडकला. त्या काळात मुख्य संघाकडून साखळी सामन्यात त्याला मैदान दिसलेच नाही. बीझली देशातच राहिला आणि २००० पासून शिकागो फायरकडून नियमित खेळू लागला. २००१ मध्ये डोनोव्हनला उसनवारीवर सॅन होजेकडे पाठवले गेले. त्याच वर्षी तो संघ विजेता झाला, आणि २००२ च्या विश्वचषकात डोनोव्हन सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. मोठ्या क्लबच्या करारापेक्षा लहान लीगमधली नव्वद मिनिटे मोलाची, असा निष्कर्ष अमेरिकेत तेव्हापासून रुजला. तो सरसकट खरा नाही, पण डोनोव्हनच्या बाबतीत नाकारताही येत नाही.

महाविद्यालयातून आणि प्रोजेक्ट-४० मधून आलेल्या मुलांची वाटणी ड्राफ्टने होई. क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, आदल्या मोसमात मागे पडलेल्याने आधी. ड्राफ्टमधला क्रमांक म्हणजे क्लबाने जाहीरपणे वर्तवलेले भाकीतच. आधी निवडलेला अधिक खेळेल, ही त्यामागची अपेक्षा. ती किती टिकली? २००० च्या सुपरड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मेट्रोस्टार्सने निवडलेल्या स्टीव्ह शॅकचा होता. त्याची लीगमधली कारकीर्द थोडक्यात संपली. चौथ्या क्रमांकावर शिकागोने घेतलेला कार्लोस बोकानेग्रा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढे दोनदा सर्वोत्तम बचावपटू आणि अखेर राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला.

सर्वांत बोलका मात्र २००४ चा ड्राफ्ट. पहिल्या क्रमांकावर होता फ्रेडी अडू. घानातल्या टेमा शहरात जन्मलेला, वय चौदा, आणि पेलेसोबत शीतपेयाच्या जाहिरातीत झळकलेला. त्याला डी. सी. युनायटेडकडे पाठवण्याचे आधीच ठरले होते. ड्राफ्ट हा त्यापुरता उपचार. ३ एप्रिल २००४ रोजी सॅन होजेविरुद्ध ६१ व्या मिनिटाला तो मैदानात उतरला. वय १४ वर्षे ३०६ दिवस. दोन आठवड्यांनी त्याने गोलही केला. आता प्रशिक्षक पीटर नोव्हाक याच्यासमोर कोडे उभे राहिले. प्रेक्षक अडूला पाहायला येत होते, लीगने त्याच्यावर जाहिराती रचल्या होत्या, आणि संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता. नोव्हाकने अडूला जवळजवळ प्रत्येक सामन्यात खेळवले, पण बऱ्याचदा उत्तरार्धात. मोसमाअखेर ३० सामने, पाच गोल. संघ विजेता झाला. पुढच्या वर्षी अडूने कमी खेळायला मिळते अशी उघड तक्रार केली, त्यावर क्लबने त्याला निलंबित केले. सामन्यांची संख्या पाहणाऱ्याला वाटे मुलगा नियमित खेळतो आहे. मिनिटे मोजणाऱ्याला वेगळेच चित्र दिसे. या दोन मोजमापांतली तफावत अमेरिकी वृत्तपत्रांतून ठळकपणे पुढे आली ती अडूच्या निमित्तानेच.

त्याच ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने क्लिंट डेम्प्सी नावाचा वीस वर्षांचा टेक्सासचा महाविद्यालयीन मध्यरक्षक घेतला होता. तो लगेच सुरुवातीच्या अकरांत आला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित झाला, फुलहॅमला गेला आणि राष्ट्रीय संघासाठी ५७ गोल करून डोनोव्हनच्या बरोबरीला पोहोचला. आणि छत्तिसाव्या क्रमांकावर, निम्मे लोक उठून गेल्यावर पुकारला जावा अशा फेरीत, मेट्रोस्टार्सने सोळा वर्षांच्या मायकेल ब्रॅडलीला निवडले. प्रशिक्षक त्याचे वडील बॉब ब्रॅडली होते, त्यामुळे कुजबुज झाली. २००४ मध्ये दुखापतीमुळे तो अजिबात खेळला नाही. २००५ मध्ये मात्र मध्यफळीतली जागा त्याची झाली आणि जानेवारी २००६ मध्ये तो हॉलंडमधल्या हीरेनवीनला विकला गेला. पहिला, आठवा, छत्तिसावा: क्रमांक आणि कारकीर्द यांचा मेळ बसत नाही. वयाचा बसतो. विसाव्या वर्षी आलेला डेम्प्सी तयार होता, चौदाव्या वर्षी आलेला अडू नव्हता, आणि दोघांची एकाच यादीत तुलना करणे मुळातच चुकीचे होते.

हा धडा लगेच घेतला गेला असे नाही. २००५ मध्ये नव्याने आलेल्या रिअल सॉल्ट लेकने पहिल्या क्रमांकावर सोळा वर्षांच्या निकोलस बेसाग्नोला घेतले. प्रशिक्षक जॉन एलिंगर ब्रॅडेन्टनच्या केंद्रातूनच आले होते, त्यामुळे ते मुलाला चांगले ओळखत. तरीही बेसाग्नो लीगमध्ये मोजकेच सामने खेळला. ओळख असणे आणि रिकामी जागा असणे या भिन्न गोष्टी आहेत. नव्या, हरत राहणाऱ्या संघात तरुणांना वाव मिळेल असा समज असतो. प्रत्यक्षात हरणारा प्रशिक्षक नोकरी टिकवण्यासाठी अनुभवी खेळाडूंनाच धरून बसतो, हे अनेकदा दिसते. लीगमध्ये खालच्या दर्जात घसरण्याची भीती नाही, म्हणून क्लब निर्धास्तपणे मुलांना खेळवतील हा युक्तिवादही याच कारणाने फसवा ठरतो. क्लब घसरत नसला तरी प्रशिक्षक घसरतोच.

पुरवठ्याची बाजू याच सुमारास बदलत होती. २००५ मध्ये क्लबांच्या राखीव संघांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. महासंघाने २००७ मध्ये देशभरातल्या क्लबांसाठी डेव्हलपमेंट अकादमी ही स्पर्धा काढली. प्रत्येक खेळाडूला मोसमातल्या किमान चतुर्थांश सामन्यांत सुरुवातीपासून खेळवायचे, असा तिचा दंडक होता. कुमार पातळीवर मिनिटांची अशी हमी दिली गेली, वर मात्र ती संपे. पुढच्याच वर्षी होमग्रोन नियम आला. आपल्या अकादमीत वाढवलेल्या मुलाशी क्लबला ड्राफ्टशिवाय थेट करार करता येऊ लागला. लॉस एंजलिस गॅलक्सीचा ट्रिस्टन बोवेन हा त्यातला पहिला. पण २००८ नंतर खर्चाच्या कारणाने राखीव स्पर्धा बंद पडली. म्हणजे मुलांना वर आणण्याचा रस्ता उघडला त्याच वेळी वर आल्यावर उभे राहण्याची जागा काढून घेतली गेली. डी. सी. युनायटेडचा अँडी नाहार २०१० मध्ये शाळेतून थेट मुख्य संघात येऊन सर्वोत्तम नवोदित ठरला, पण त्या दोन वर्षांत करार होऊनही केवळ सराव करत बसलेले होमग्रोन खेळाडू बरेच होते.

२०११ मध्ये राखीव स्पर्धा परतली, २०१३ मध्ये खालच्या यूएसएल प्रो लीगशी सहकार्य झाले, आणि २०१४ मध्ये गॅलक्सीने स्वतःचा दुसरा संघ त्या लीगमध्ये उतरवला. वर्षभरात इतर अनेक क्लबांनी तेच केले. २०२२ पासून या दुसऱ्या संघांसाठी एमएलएस नेक्स्ट प्रो ही निराळी लीग आहे. तिच्या पहिल्या मोसमात २१ संघ होते. अंदाज बांधणाऱ्यांच्या दृष्टीने हा मोठाच फरक. अठरा वर्षांच्या मुलाने प्रौढांविरुद्ध खेळलेल्या सामन्यांची नोंद आता हाताशी येऊ लागली.

या वाटेने सगळेच गेले नाहीत. अठरा वर्षांखालील खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतरण फिफा सहसा होऊ देत नाही. त्यामुळे अमेरिकी मुलाला तोवर घरीच थांबावे लागते. युरोपीय पारपत्र असेल तर सोळाव्या वर्षी जाता येते. पेनसिल्व्हेनियाचा क्रिस्टियन पुलिसिच क्रोएशियाच्या पारपत्रावर डॉर्टमुंडला गेला तो असाच. वेस्टन मॅकेनी २०१६ मध्ये डॅलसच्या अकादमीतून अठरा होताच शाल्केकडे निघून गेला, डॅलसच्या मुख्य संघात एक मिनिटही न खेळता. ज्या क्लबने वाढवले त्याला यातून फारसे काही मिळाले नाही, आणि आपली मुले वेळेवर मैदानात उतरवली नाहीत तर ती फुकट जातात हे सगळ्या क्लबांना दिसले.

उलट उदाहरण लवकरच मिळाले. अल्फोन्सो डेव्हिसला व्हँकूव्हर व्हाइटकॅप्सने २०१६ मध्ये पंधराव्या वर्षी लीगमध्ये उतरवले आणि २०१८ मध्ये बायर्न म्युनिकला विकले. तो सौदा त्या वेळी लीगमधला विक्रमी होता. मधल्या काळात, १० ऑक्टोबर २०१७ रोजी, कूवा येथे त्रिनिदादकडून हरून अमेरिका विश्वचषकाबाहेर फेकली गेली आणि तरुणांना खेळवा ही मागणी चढ्या आवाजात होऊ लागली. लीगचे आयुक्त डॉन गार्बर यांनी २०१८ अखेरीस लीगने खेळाडू विकणारी लीग व्हायला हवे असे बोलून दाखवले. आता तरुणाला दिलेली मिनिटे ही गुंतवणूक झाली. फिलाडेल्फिया युनियनने २०१९ च्या ड्राफ्टमधल्या आपल्या सगळ्या निवडी सिनसिनाटीला देऊन टाकल्या आणि अकादमीवर भिस्त ठेवली. २०२० मध्ये त्यांनी साखळीत अव्वल क्रमांक मिळवला, आणि ब्रेंडन आरनसन व मार्क मॅकेंझी त्यानंतर लगेच युरोपात गेले. डॅलसचा रिकार्डो पेपी जानेवारी २०२२ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलरला आउग्सबुर्गकडे गेला.

विक्रीचा हा विचार तरुणांच्या बाजूचा असला तरी तो देशी तरुणांच्याच बाजूचा आहे असे नाही. २०२१ मध्ये लीगने बावीस वर्षांखालील खेळाडूंसाठी सवलत आणली. अशा खेळाडूवर हस्तांतरणाची मोठी रक्कम खर्च केली तरी पगारमर्यादेत त्याचा थोडाच भाग धरायचा. क्लबांनी तिचा लाभ घेऊन दक्षिण अमेरिकेतून वीस-एकवीस वर्षांचे खेळाडू आणले. ते परत विकायचे तर खेळवावेच लागतात, आणि ते ज्या जागांवर खेळतात त्या अकादमीतल्या मुलांनाही हव्या असतात. शेजारच्या कॅनेडियन प्रीमियर लीगने २०१९ मध्ये सुरू होतानाच सरळ मार्ग धरला: एकवीस वर्षांखालील कॅनेडियन खेळाडूंना प्रत्येक संघाने मोसमात मिळून किमान १,००० मिनिटे द्यायची. मेजर लीग सॉकरने असा दंडक कधी घातला नाही.

स्त्रियांच्या खेळात प्रश्न आणखी मागे, दारातच अडला होता. नॅशनल विमेन्स सॉकर लीग २०१३ मध्ये सुरू झाली. तिथे अठरा वर्षांखालील मुलीला करारच करता येत नसे. ऑलिव्हिया मोल्ट्री तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, पोर्टलंड थॉर्न्सबरोबर सराव करत राहिली, पण सामना खेळू शकत नव्हती. २०२१ मध्ये ती न्यायालयात गेली. न्यायालयाने लीगला तो नियम लावण्यास तात्पुरती मनाई केली आणि जुलैमध्ये पंधरा वर्षांची मोल्ट्री मैदानात उतरली. त्यानंतर लीगने अल्पवयीनांसाठी रीतसर वाट काढली, आणि २०२४ च्या सामूहिक करारात ड्राफ्टच रद्द केला.

आकड्यांनी अंदाज बांधण्याची रीत सॉकरमध्ये बेसबॉलमधून आली. तिथे टॉम टँगोने मार्सेल नावाची मुद्दाम साधी ठेवलेली पद्धत मांडली होती. एका दूरदर्शन मालिकेतल्या माकडाचे नाव तिला दिले, कारण हे माकडालाही जमावे. फलंदाज पुढच्या वर्षी किती खेळेल? मागच्या वर्षीच्या संधींचा निम्मा भाग, त्याआधीच्या वर्षाचा दहावा भाग, आणि वर २०० ची ठरलेली भर. प्रस्थापित खेळाडूंच्या बाबतीत हे आश्चर्य वाटावे इतके चालते. अठरा वर्षांच्या सॉकरपटूच्या बाबतीत मात्र मागची दोन्ही वर्षे शून्य, उरते ती फक्त ठरलेली भर. म्हणजे सगळ्या नवोदितांसाठी एकच उत्तर.

म्हणून इतर खुणा शोधल्या गेल्या. खेळाडूंच्या संघटनेने २००७ पासून सर्वांचे पगार जाहीर केले, आणि क्लब कोणाकडून काय अपेक्षा ठेवतो हे त्यातून कळू लागले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर ॲनालिसिस या गटाने लीगच्या सामन्यांतल्या प्रत्येक स्पर्शाचे मोल काढण्यापर्यंत मजल मारली. तरीही नवोदिताच्या मिनिटांबाबत सर्वांत उपयोगी खूण साधीच राहिली: त्याच्या जागेवर आदल्या मोसमात खेळलेल्यांपैकी कोण गेला आणि किती मिनिटे मोकळी झाली. गोलरक्षकाच्या बाबतीत तर हिशेब सगळा किंवा काहीच नाही असा असतो. शिकागोचा गॅब्रिएल स्लोनिना २०२१ मध्ये सतराव्या वर्षी गोलात उभा राहिला, आणि एकदा जागा मिळाल्यावर नव्वदच्या नव्वद मिनिटे त्याचीच झाली. याउलट बाजूने धावणाऱ्या आघाडीवीराला शेवटची वीस मिनिटे सहज मिळतात, पहिली सत्तर मिळत नाहीत. २०२० मध्ये साथीच्या काळात तीनऐवजी पाच बदल करण्याची मुभा आली आणि पुढे कायम झाली, तेव्हा तरुणांच्या सामन्यांचे आकडे फुगण्याला आणखी एक कारण मिळाले. मिनिटांचे आकडे त्या मानाने फुगत नाहीत, कारण शेवटच्या दहा मिनिटांचे बदल कितीही झाले तरी बेरीज थोडीच होते.

१७ जुलै २०२४ रोजी फिलाडेल्फियाच्या कॅव्हन सुलिव्हनने न्यू इंग्लंडविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात पाऊल ठेवले. वय १४ वर्षे २९३ दिवस. अडूचा वीस वर्षांचा विक्रम तेरा दिवसांनी मोडला. अडूच्या वेळी नसलेल्या दोन गोष्टी या वेळी होत्या: हा मुलगा क्लबच्या दुसऱ्या संघात खेळत होता, आणि अठरा झाल्यावर मँचेस्टर सिटीकडे जाण्याचा करार आधीच झालेला होता. त्यामुळे मुख्य संघात त्याला किती वेळ द्यायचा हा निर्णय क्लबला तिकीटविक्रीपासून वेगळा ठेवता आला. २०२५ मध्ये सॅन डिएगो आल्यावर लीगमधले संघ तीस झाले, म्हणजे सुरुवातीच्या ११० जागांच्या आता ३३०. २०२७ च्या उन्हाळ्यापासून लीग युरोपप्रमाणे उन्हाळा ते वसंत असा मोसम धरणार आहे. महाविद्यालयांचा मोसम डिसेंबरमध्ये संपेल तेव्हा लीगचा मोसम निम्म्यावर असेल, आणि तिथून येणाऱ्या खेळाडूला त्या वर्षी फार तर अर्ध्या मोसमाची मिनिटे शिल्लक असतील.